फीचा हिशेब मागताना पगाराचाही मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खासगी शाळांच्या फीवाढीविरुद्ध पालकांनी शाळांच्या दारात केलेल्या आंदोलनांच्या बातम्या आपण सध्या ठळकपणे देत आहात, याबद्दल आभार. अशाच एका बातमीसोबतच्या फोटोत घोषणा देणारे पालक आहेत, मध्ये बंद गेट आहे आणि गेटच्या जाळीआड गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या तीन-चार बायका उभ्या आहेत. त्या शिक्षिका. मी त्या शाळेतली नाही, पण जाळीच्या त्या बाजूला नेमकं काय असतं ते मला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र.

‘एवढी फी घेता, मग नीट शिकवायला काय होतं?’ हे प्रत्येक पालकसभेत एकदा तरी ऐकावं लागतं. ऐकायला मी असते. फी घेणारे त्या दिवशी शाळेत नसतात.

मी चिंचवडच्या एका विनाअनुदानित, राज्य मंडळाच्या, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत 2009 पासून मराठी शिकवते. एम. ए., बी. एड. आहे. सहावी ते दहावी असे पाच वर्ग माझ्याकडे आहेत. साडेसहा हजारांवर लागले होते, आज कागदावर साडेबावीस हजार आहेत आणि पीएफ कापून एकवीस हजारांच्या आसपास हातात पडतात. नवरा भोसरी एमआयडीसीत टूलरूमला आहे, त्यावर घर चालतं. आमच्या स्टाफरूममधल्या बहुतेक जणींचं उत्तर हेच असतं, फक्त नवऱ्याची कंपनी बदलते. व्यवस्थापनालाही ते पाठ आहे. पगाराचा विषय काढला की ‘तुमच्या मिस्टरांचं चांगलंय ना’ असं हसून विचारतात, आणि विषय तिथेच संपतो. ज्या पुरुषांना या पगारावर घर चालवायचं असतं ते टिकत नाहीत. आमच्याकडे गणिताचे सर दर दोन वर्षांनी बदलतात. चांगले असतात ते आकुर्डी-निगडीतल्या क्लासवाल्यांकडे जातात, आणि आमचीच मुलं संध्याकाळी वेगळी फी भरून त्यांच्याकडेच शिकतात.

आता साधा हिशेब मांडते. आमच्या शाळेची फी वर्षाला 62 हजार आहे. एका तुकडीत 45 मुलं. त्यातली चौथा हिस्सा मुलं आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या राखीव जागांवरची, धरून बाजूला ठेवू, कारण त्यांचे पैसे सरकारकडून येतात आणि वेळेवर येत नाहीत. संस्थाचालकांची ही तक्रार खरी आहे, त्यात मी शंका घेणार नाही. उरली 34 मुलं. त्यांची फी होते एकवीस लाखांच्या वर. एका तुकडीचे आठवड्याचे सगळे तास भरायला साधारण दीड शिक्षक लागतो. माझ्यासारखा, म्हणजे जुना आणि त्यातल्या त्यात बरा पगार असलेला शिक्षक धरला तरी दीड शिक्षकाचे वर्षाचे चार लाख पाच हजार होतात. एकवीस लाखांतले चार. उरलेल्यात इमारतीचं कर्ज, वीज, सफाई, ऑफिस, सुरक्षारक्षक, मिळकतकर हे सगळं आहेच, ते मला कळतं. बसचे पैसे मात्र पालक वेगळे भरतात, पुस्तकांचे वेगळे, गणवेशाचे वेगळे आणि गॅदरिंगच्या ड्रेसचे तर आम्हीच वर्गात गोळा करतो.

हा हिशेब मी कुठल्या गुप्त कागदावरून केलेला नाही. तिसरीतलं मूल करील असा गुणाकार आहे. तरी आंदोलन करणाऱ्या पालकांपैकी कुणी तो मांडलेला मी ऐकला नाही. फी जास्त आहे असं म्हणतात. ती जाते कुठे, हेही विचारतात. शिकवणाऱ्याच्या हातात किती पडते, हे मात्र कुणी विचारत नाही.

आणि विचारायचा हक्क पालकांना आहे. महाराष्ट्रात खासगी शाळांच्या फीसाठी 2011 चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्यानुसार फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. मुख्याध्यापक अध्यक्ष, प्रत्येक इयत्तेतून पालक आणि शिक्षक सदस्य, आणि इच्छुकांमधून सोडत काढून निवड, अशी त्या समितीची रचना आहे. फी ठरवताना काय काय पाहायचं, तेही कायद्यात लिहिलेलं आहे. शाळेची जागा, सोयी, देखभालीचा खर्च यांच्या जोडीला शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची पात्रता आणि त्यांचा पगार हाही एक मुद्दा त्यात आहे. म्हणजे आमचा पगार ही आमची आणि संस्थेची खासगी बाब नव्हे. फीचा आकडा ज्यावर उभा करायचा, त्या खांबांपैकी तो एक आहे.

मागच्या समितीत मी शिक्षक प्रतिनिधी होते. बैठक शनिवारी शाळा सुटल्यावर कॉन्फरन्स रूममध्ये झाली. प्रत्येकापुढे तीन पानांचा स्टेपल केलेला कागद, एक पाण्याची बाटली आणि समोसा. अध्यक्षस्थानी प्रिन्सिपल मॅडम, आणि कोपऱ्यात ‘निमंत्रित’ म्हणून संस्थेचे सचिव. पालकांपैकी एक गृहस्थ सीए होते. त्यांनी मोबाइलवर आकडेमोड करत इमारतीच्या घसाऱ्यावरून सचिवांना चांगलंच पकडलं. एका आईने खेळाची वेगळी फी कशासाठी, असं विचारलं. स्मार्ट बोर्ड किती वर्गांत चालतात यावर वीस मिनिटं चर्चा झाली. (पाच वर्गांत चालतात. ही माहिती मी दिली.) दुसऱ्या पानावर मधोमध ‘एस्टॅब्लिशमेंट एक्स्पेन्सेस’, म्हणजे आस्थापनेचा खर्च, अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढे एकच भलामोठा आकडा. त्या ओळीत आम्ही होतो. आमच्यासोबत ऑफिसचे लोक, मावशी, सुरक्षारक्षक, संस्थेचे ‘संचालक’, त्यांच्या सूनबाई ज्या ‘अकॅडमिक कन्सल्टंट’ आहेत त्या, आणि वर्षातून दोनदा येऊन आम्हाला ताण कसा घालवायचा ते सांगणारे प्रशिक्षक, असे सगळे एकाच आकड्यात बसवलेले होते. सीए गृहस्थांनी त्या ओळीखाली पेनाने रेघ ओढली. मला वाटलं, आता विचारणार. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या ओळीवर गेले. पगाराचा आकडा मोठा दिसला की शिक्षकांना बरं मिळत असणार, असं कुणालाही वाटेलच.

तुम्ही विचाराल, बाई तुम्ही का बोलला नाहीत? अध्यक्षांच्या खुर्चीत प्रिन्सिपल मॅडम, ज्या माझा गोपनीय अहवाल लिहितात. निमंत्रितांच्या खुर्चीत सचिव, ज्यांची सही माझ्या पगाराच्या चेकवर असते. शिक्षक प्रतिनिधीने समितीत सही करायची असते, ती मी केली. हा प्रश्न त्या खोलीत फक्त पालकच विचारू शकतो. त्याचं मूल शाळा काढून टाकू शकत नाही. मला काढायला मे महिना पुरतो.

मे महिन्याचं जरा सविस्तर सांगते, कारण ते बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. आमच्याकडे नव्याने लागणाऱ्या शिक्षकांना 15 जून ते 30 एप्रिल अशी ऑर्डर देतात. मे महिन्याचा पगार नाही. जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा ऑर्डर. यामागचं कारण काटकसर एवढंच नाही. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात 1977 पासून सेवाशर्तींचा कायदा आहे, ज्याला आम्ही सगळे नुसतं एमईपीएस म्हणतो. शाळेला अनुदान असो वा नसो, तो लागू आहे असं त्याच्या तिसऱ्याच कलमात म्हटलंय. कायम जागेवर रीतसर नेमलेल्या शिक्षकाने दोन वर्षांचा परिवीक्षा काळ, म्हणजे प्रोबेशन, समाधानकारक पुरा केला की तो कायम होतो आणि त्याला मनात येईल तेव्हा काढता येत नाही. काढलंच तर तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणात दाद मागता येते. साडेदहा महिन्यांची ऑर्डर दिली की ही दोन वर्षं कधी पुरीच होत नाहीत. दहा वर्षं शिकवणारी बाईसुद्धा कागदावर दर जूनमध्ये नवी असते.

त्या ऑर्डरी वाटतानाचा दिवस एकदा कुणी पालकाने बघावा. ऑफिसबाहेर बाकावर सगळ्या जणी ओळीने बसलेल्या. एकेकीने आत जायचं. क्लार्क मॅडम ऑर्डरची दोन पानं पुढे सरकवतात, कुठे सही करायची तिथे पेन्सिलीने आधीच फुली मारलेली असते. वाचायला घेतलं तर म्हणतात, ‘अहो मॅडम, मागच्या वर्षीचंच आहे, बाहेर रांग आहे.’ सही झाली की दोन्ही पानं परत त्यांच्या फायलीत. प्रत मागितली तर झेरॉक्स मशीन बिघडलेलं असतं. परीक्षेच्या दिवसांत हेच मशीन दिवसाला हजार प्रती काढतं. सोबत मूळ प्रमाणपत्रं जमा करायची असतात, बी. एड.चं आणि पदवीचं. वर्षाच्या मध्ये कुणी दुसरीकडे जाऊ नये म्हणून ती ऑफिसच्या कपाटात राहतात. आमच्या इंग्रजीच्या एका मॅडमना जिल्हा परिषदेच्या भरतीत कागदपत्रं पडताळणीला मूळ प्रमाणपत्रं हवी होती. ती मिळवायला त्यांना आधी राजीनामा द्यावा लागला. पुढे त्यांची निवड झाली, हे नशीब.

मला 2013 साली कायम केलं. तोंडी.

आमची शाळा बरी आहे, हेही इथेच सांगून टाकते. पगार महिन्याच्या सात तारखेपर्यंत बँकेत जमा होतो आणि जमा झालेला आमचाच राहतो. माझी एक बी. एड.ची मैत्रीण आहे, तिच्या शाळेत बँकेत पस्तीस हजार येतात आणि पाच दिवसांत पंधरा हजार पाकिटात घालून परत द्यायचे असतात. पासबुक बघाल तर आदर्श शाळा. कोविडच्या काळात तिच्याकडे निम्मा पगार झाला, नंतर तोही थांबला, आणि ऑनलाइन तास मात्र एकही थांबला नाही. त्या काळात फी भरणार नाही म्हणणारे पालक आणि फीशिवाय पगार नाही म्हणणारी संस्था, दोघांनाही मोबाइलच्या पडद्यावर तीच दिसत होती.

आता काम. आठवड्याला 32 तास, वर ऑफ तासाला प्रॉक्सी, म्हणजे गैरहजर शिक्षकाचा तास. सकाळी आठच्या सुमाराला मावशी प्रॉक्सीचं रजिस्टर घेऊन स्टाफरूममध्ये येतात तेव्हा सगळ्यांच्या माना आपोआप खाली जातात. सात दहाला चेहरा दाखवून हजेरी लागते, तीन लेटमार्कला अर्ध्या दिवसाचा पगार जातो. संध्याकाळी सुटायच्या वेळेला असं काही यंत्र नाही. टाचणं ॲपवर भरायची, गृहपाठ ॲपवर टाकायचा, ‘उत्तर कुठल्या पानावर आहे’ या पालकांच्या मेसेजला रात्री दहापर्यंत उत्तर द्यायचं. सव्वादोनशे वह्या आणि तेवढेच पेपर. शिवाय मराठीच्या बाई म्हटल्यावर शिवजयंती, 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, आषाढी एकादशीची दिंडी, गॅदरिंगचं निवेदन आणि संस्थेच्या अध्यक्षांच्या भाषणाचा मसुदा ही कामं आपोआप माझी. 2020 च्या कायद्याने सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आणि न शिकवल्यास एक लाखापर्यंत दंड आला. तेव्हापासून शाळेत माझं महत्त्व वाढलंय. ते एक लाखाएवढं आहे, असं आमच्या इतिहासाच्या मॅडम म्हणतात.

यातलं वर्गातलं काम मात्र कुणी फुकट करायला सांगितलं तरी मी करीन, आणि संस्थाचालकांना हेही पाठ आहे. सातवीत एक मुलगा आहे. घरी भोजपुरी बोलतात, वडिलांचं तळवड्याला फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. ‘माझा आवडता ऋतू’ हा निबंध दिला होता. चव्वेचाळीस वह्यांत पावसाळा आवडता होता, झाडं हिरवीगार होती आणि बळीराजा सुखावला होता. गाइडमध्ये तसंच आहे. याने लिहिलं होतं, ‘मला पावसाला आवडत नाही. पाऊस आला की पप्पा मला शेडवर बोलवतात. आम्ही मशीनवर ताडपत्री टाकतो. पाऊस बरोबर मशीनच्या वर गळतो, त्याला पत्ता माहित आहे.’ ‘पावसाला’चा ‘पावसाळा’ केला, ‘माहित’ची वेलांटी दुरुस्त केली, बाकी एका अक्षराला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात वाचून दाखवला. मुलं हसली, मग एक जण म्हणाला, टीचर, आमच्या गाळ्यात पण गळतं. मग आणखी एक. त्या दिवशी पाठ राहिला तो राहिलाच. पोर्शन मागे पडल्याबद्दल मला ॲपवर लाल खूण मिळाली.

पालक म्हणतात, निदान खासगीत शिकवतात तरी. माझी एक मावसबहीण मावळात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. ती दोन इयत्ता एका खोलीत शिकवते, पोषण आहाराचा हिशेब ठेवते, मतदार याद्यांचं काम करते आणि कुठल्या ना कुठल्या पोर्टलवर सतत माहिती भरत असते. तिचं काम माझ्यापेक्षा हलकं आहे असं मी म्हणणार नाही. तीही सुरुवातीला शिक्षणसेवक होती, तेव्हा मानधन माझ्या पगाराहून कमी होतं. आता 2023 पासून प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला 16 हजार मिळतात. फरक पुढे आहे. तीन वर्षांनी तिला वेतनश्रेणी लागली, महागाई भत्ता लागला, दर वर्षी वाढ होते ती कुणाच्या मर्जीने होत नाही. माझी वाढ दिवाळीनंतर सचिवांच्या केबिनमध्ये एकेकीला बोलावून सांगतात आणि ‘बाहेर बोलू नका’ असंही सांगतात. त्यामुळे शेजारच्या खुर्चीवर बसणारीला किती मिळतं ते आम्हाला ठाऊक नसतं. पात्रता मात्र दोघींना सारखी लागते. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्यांनी टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण असलंच पाहिजे, आणि पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरलेल्या जुन्या शिक्षकांनी दोन वर्षांत ती व्हावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सप्टेंबर 2025 मध्ये आला. आमच्या पन्नाशीच्या मॅडम सध्या मधल्या सुट्टीत डबा एका हाताने खात बालमानसशास्त्राच्या नोट्स वाचतात. परीक्षा एकच, पगार दोन.

नवऱ्याच्या कंपनीत तीन वर्षांनी युनियनचा करार होतो, घरात पेढे येतात. आमच्याकडे युनियन का नाही, असं तो मला चिडवतो. त्याचंही कायदेशीर कारण आहे. गोव्यातल्या एका शाळेतल्या शिक्षिकेच्या खटल्यात 1988 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातला ‘कामगार’ नव्हे, कारण शिकवणं हे त्या कायद्यातल्या कामाच्या प्रकारांत बसत नाही. त्यांचं काम थोर आहे, असं निकालात कौतुकही आहे. थोर असण्याचा तोटा कोर्टात असा होतो.

ग्रॅच्युइटीचंही असंच झालं होतं. 2004 साली न्यायालयाने शिक्षक त्या कायद्यात बसत नाहीत असं म्हटलं. मग संसदेने 2009 मध्ये कायदाच दुरुस्त केला आणि 3 एप्रिल 1997 पासून मागे जाऊन शिक्षकांना हक्क दिला. खासगी शाळांच्या संघटनांनी त्याविरुद्ध दाद मागितली, ती सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2022 मध्ये फेटाळली. आमच्या हिंदीच्या मॅडम 2023 मध्ये सतरा वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाल्या. शाल, श्रीफळ, नटराजाची मूर्ती आणि मुलींनी बसवलेलं निरोपाचं गाणं. ग्रॅच्युइटीचा अर्ज घेऊन गेल्या तेव्हा ऑफिसात सांगितलं, ‘ते कंपन्यांना असतं, शाळेला नसतं.’ त्यांच्या भाच्याने, तो वकिली शिकतोय, 2022 च्या निकालाची प्रत काढून दिली. पुढे वकिलाची नोटीस गेली आणि पैसे तीन चेकमध्ये मिळाले, एक लाख सदतीस हजार. तेही कमीच, कारण ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात आणि आमचा मूळ पगार मुद्दाम लहान ठेवलेला असतो. त्यांचा 14 हजार होता. बाकीचं सगळं निरनिराळ्या भत्त्यांच्या नावाने.

एवढ्यावर कसं भागतं, असं विचारलंत तर, शिकवण्या. शिक्षण हक्क कायद्याच्या 28 व्या कलमाने शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला बंदी आहे. आमच्या सोसायटीत मात्र जिन्यात चपलांची रांग दिसली की कुठल्या मजल्यावर शिक्षिका राहते ते पोस्टमनलाही कळतं. मी घेत नाही, मराठीच्या शिकवणीला कुणी येतही नाही. पण गणित-विज्ञानाच्या मॅडमना नावं ठेवायला मी तयार नाही. जो कायदा शिकवणी बंद करतो, तो पुरा पगार देववत नसेल तर बंदी कागदावरच राहणार.

उन्हाळ्यात आम्ही ॲडमिशनच्या स्टॉलवर असतो. रावेत, पुनावळे, मोशी, जिथे नव्या सोसायट्या होतात तिथे गेटपाशी टेबल, शाळेचा फ्लेक्स, फुगे आणि साडीतल्या दोन शिक्षिका. स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा 2012 चा कायदा आल्यापासून दर चौकात नवी शाळा आहे, त्यामुळे स्पर्धा जोरात आहे. प्रत्येकीला टार्गेट असतं, अमुक फॉर्म आणायचेच. ज्यांना मे महिन्याचा पगार नाही त्यांनाही. तिथे पालक फार बारकाईने प्रश्न विचारतात. वर्गात एसी आहे का, बसला कॅमेरा आहे का, रोबोटिक्स कितवीपासून, घोडेस्वारी आहे का. मी नम्रपणे सगळं सांगते. या वर्षी एका आजोबांनी मात्र वेगळं विचारलं. नातवाला घ्यायचं होतं पहिलीत. म्हणाले, ‘पहिलीच्या बाई किती वर्षं आहेत तुमच्याकडे?’ मी म्हटलं, आत्ताच्या मागच्या जूनला आल्या. ‘आणि त्यांच्या आधीच्या?’ त्या दोन वर्षं होत्या. आजोबा निवृत्त मुख्याध्यापक निघाले. पत्रक घडी करून खिशात ठेवलं आणि फॉर्म न घेता गेले. माझं टार्गेट एकने कमी राहिलं, पण माणूस नेमकं विचारून गेला.

तेच प्रश्न समितीत विचारावेत, एवढंच माझं पालकांना सांगणं आहे. शाळा सुरू झाल्यावर महिनाभरात पालक-शिक्षक संघ व्हावा लागतो. सोडतीसाठी नाव द्या, नुसतं व्हॉट्सॲपवर भांडू नका. फीचा प्रस्ताव समोर आला की आस्थापनेचा आकडा फोडून मागा. शिकवणाऱ्यांचा पगार वेगळा, ऑफिसचा वेगळा, संचालकांचं मानधन वेगळं. नावं नकोत, आमच्या इभ्रतीचा प्रश्न नको. पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षकाला किती, दहा वर्षांच्या शिक्षकाला किती, बारा महिने देता की साडेदहा, एवढं लिहून मागा. गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले तेही विचारा. हे लिहून मिळाल्याशिवाय सही करू नका. मंजूर केलेली फी दोन वर्षं बांधील असते, तेव्हा सही झाल्यावर गेटबाहेर घोषणा देऊन फार उपयोग होत नाही. एखादी शाळा आकडे उघडपणे देईल आणि फी खरंच पगारासाठी वाढवत असेल, तर त्या शाळेला थोडी जास्त फी द्यायलाही हरकत नसावी. शिक्षणाधिकारी कार्यालयालाही हे जमण्यासारखं आहे. फीच्या प्रस्तावाचा एक नमुना तक्ता काढायचा आणि त्यात शिक्षकांच्या पगाराचा रकाना स्वतंत्र ठेवायचा, त्याला नवा कायदा लागत नाही.

आमच्यासारख्या जुन्या शाळांतल्या शिक्षकांनाही एक सांगायचं आहे. ऑर्डरची प्रत मिळत नसेल तर सही करण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. दोन पानं असतात, दहा सेकंद लागतात. क्लार्क मॅडम रागावतील, त्यांनाही वरून सांगितलेलं असतं. पगाराची स्लिप आणि पीएफचं खातं दर महिन्याला बघत जा. हिंदीच्या मॅडमच्या सतरा वर्षांचा पुरावा शेवटी पीएफच्या नोंदीनेच दिला, शाळेच्या फायलीने नव्हे.

माझं नाव आणि पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे, कृपया छापू नये. वर्तमानपत्रात लिहिण्यापूर्वी व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्यावी असं माझ्या ऑर्डरमध्ये कलम आहे, असं मला ऑफिसातून सांगण्यात आलं आहे. आहे की नाही ते तपासायला माझ्याकडे प्रत नाही.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका, चिंचवड